हमालाचे पिवळे दात

“टावेल घट्ट धर. डोकं हलू देऊ नोको,” असं म्हणत कैलासचंदांनी चहाचा चमचा उलटा केला आणि त्याचा दांडा हमालाच्या ओठांजवळ नेला.

प्रेमाबाईंनी एका हाताने टॉवेल धरला होता आणि दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी होती. तिचा उजेड हमालाच्या तोंडावर पडण्याऐवजी कैलासचंदांच्या नाकावर पडत होता. हमाल टॉवेलातून मिशा आणि दोन काळेभोर डोळे तेवढे बाहेर काढून या दोघांकडे अत्यंत शांतपणे पाहत होता.

हमाल म्हणजे बाजार समितीतला हमाल नव्हे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. हा हमाल चिंचिला होता. खारीची शेपटी, सशाचं अंग आणि उंदराचे कान एकाच प्राण्याला दिले तर जे होईल ते. राखाडी, कापसाहून मऊ, आणि मूळचा कुठल्यातरी थंड डोंगरावरचा. कैलासचंदांच्या मुलीने, रिंकूने, नागपूरला शिकत असताना अशी जोडी घेतली होती. पुढे पुण्याला नोकरी लागली, तिथल्या घरमालकिणीने प्राणी म्हणताच हात जोडले आणि जोडी रिसोडला आईबापांकडे आली. रिंकूने त्यांची नावं कोको आणि मिल्की ठेवली होती. “लोकं उंदीर पकडून गावाबाहेर सोडून येतात, अन् तू पैसे देऊन घरात आणले?” असं कैलासचंद पहिल्या दिवशी म्हणाले होते.

पण माणूस धान्याचा व्यापारी. चार दिवस त्या दोघांचं काम पाहिलं आणि त्यांनी नावं बदलून टाकली. एक दिसेल ती काडी उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत असे, तो हमाल. दुसरा काहीच न करता पुढचे दोन हात पोटावर जोडून बसे आणि हमालाकडे पाहत राही, तो अडत्या, म्हणजे बसून दलाली खाणारा.

गणपती उठले, रिंकू पुण्याला गेली आणि घर एकदम मुकं झालं. कैलासचंदांना ते फार लागलं. कोणाला सांगितलं नाही, पण लागलं. मग ते बाजारातून आले की हातपाय धुऊन पिंजऱ्यासमोर बसत आणि त्या दोघांना सोयाबीनचे भाव सांगत. ज्यांनी स्वतःसाठी कधी कूलरचं पाणी बदललं नव्हतं, त्यांनी जनावरांना उकडतं म्हणून मधल्या खोलीत एसी बसवला. दुपारी त्याच खोलीत गादीवर आडवं पडलं की “मी काय माह्यासाठी लावला काय,” असं ते न विचारताच सांगत.

आणि आता ही जोडी जायची वेळ आली होती. रिंकूच्या ओळखीत पुण्यात कोणी तरी चिंचिला पाळणारी बाई निघाली होती. मी रविवारी येते, पाहते, दोघं ठणठणीत असतील तर राहू देते, नाही तर तिच्याकडे नेऊन ठेवते, असं रिंकूने फोनवर सांगितलं होतं. कैलासचंदांनी घासाघीस करून पाहिली. पण त्यांची खरी हातोटी रुमालाखालच्या सौद्यात. रुमाल टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची आणि तोंडातून शब्द न काढता भाव ठरवायचा. बाजारात आता बोली तोंडी लागते, पण त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं होतं आणि त्यांनी रिंकूला ती शाळेत असताना. शेंगदाण्याच्या चिक्कीचे सौदे बापलेकीत असेच व्हायचे. फोनवर रुमाल टाकता येत नाही, तिथे कैलासचंद हरले.

त्यात शनिवारी सकाळी वेगळीच धास्ती उभी राहिली. प्रेमाबाई रोज सकाळी पिंजऱ्यातली वाटी खाण्याने भरत, संध्याकाळी घरातली भांडी आवरताना ती उचलत, आणि गेले कित्येक दिवस वाटी भरलेली ती भरलेलीच असे. रिंकू जाताना बजावून गेली होती. यांचे दात जन्मभर वाढत राहतात. खाणं सोडलं की पहिल्यांदा दात पाहायचे.

म्हणून हा चमचा आणि हा टॉवेल.

“उजेड त्याच्या तोंडावर मार न,” कैलासचंद म्हणाले.

“तुमचं नाक बाजूले घ्या मंग,” प्रेमाबाई म्हणाल्या.

नाक बाजूला झालं, उजेड आत गेला, चमच्याने ओठ वर झाला, आणि कैलासचंदांचा चेहरा उतरला. समोरचे दात पिवळे होते. पिवळे कसले, नारिंगी होते. जैनांचं घर, त्यामुळे गाजर आत शिरत नसे, पण बाजारात पाहिलेलं होतं. दात थेट त्या रंगाचे होते. अडत्याचे पाहिले, तेही तसेच. दाण्याच्या रंगावरून माल ओळखण्यात ज्याची हयात गेली त्याला आणखी काय सांगायचं? पांढऱ्या ज्वारीचा दाणा पिवळा पडला की ते पोतं पडेल भावाने जातं.

“सडले,” कैलासचंद म्हणाले. “दोघायचेबी.”

प्रेमाबाईंनी सुचवलं की निदान वरचा पिवळेपणा तरी घासून काढावा, आपलं मंजन काही वाईट नाही. कैलासचंदांनी बोटावर चिमूटभर मंजन घेतलं. हमालाने ते हुंगलं. आतापर्यंत तो सगळं सहन करत होता, पण लवंगेचा वास त्याला सहन झाला नाही. तो टॉवेलातून साबणासारखा निसटला, कैलासचंदांच्या खांद्यावर, तिथून कपाटावर आणि तिथून थेट स्वयंपाकघरात गेला. तिथे परातीत चाळून ठेवलेली कणीक होती. चिंचिला पाण्याने आंघोळ करत नाहीत, बारीक मातीत लोळतात. हमालाला इतकी ऐसपैस आंघोळीची जागा आयुष्यात कधी मिळाली नव्हती. प्रेमाबाई पोहोचेपर्यंत त्याने चार लोळण्या घेतल्या होत्या आणि गॅसपासून देवळीपर्यंत सगळं पांढरं केलं होतं.

त्याला पकडण्यात अर्धी सकाळ गेली. मग भाजीचा एक क्रेट, त्यावर दुसरा उपडा क्रेट, भोवती सुतळी, आत गवत आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली अशी व्यवस्था झाली. पेट्रोल जळतं म्हणून एरवी कारचा एसी न लावणाऱ्या कैलासचंदांनी तो पूर्ण लावला आणि दोघं नवराबायको गुरांच्या दवाखान्यात गेले.

तिथे डॉक्टर जगदेव एका म्हशीच्या मागे उभे होते. त्यांनी हात धुतले, क्रेटमध्ये डोकावून पाहिलं आणि पुन्हा एकदा जवळून पाहिलं.

“हे काय होय?” शेवटी त्यांनी विचारलं.

“चिंचिला.”

“अन् हा पांढरा?”

“तोबी चिंचिलाच. कणीक लागली त्याले.”

जगदेवांनी सरळ सांगितलं की त्यांच्याकडे जबडा उघडायचं जे यंत्र आहे त्यात हा प्राणी आख्खा मावेल. गाय असती तर दात मोजून वय सांगितलं असतं. तरी कर्तव्य म्हणून त्यांनी अंगठ्याने हमालाचा ओठ वर केला आणि दोन दाती दिसतो, म्हणजे अजून कामाला येईल, असा अभिप्राय दिला. “मी खोटं सांगन तं माह्या पेशाले बट्टा लागन, शेठ,” ते म्हणाले. “अकोल्याले न्या. नाई तं असं करा, दात ते दात. गावातल्या दाताच्या डॉक्टरले दाखवून पाहा.”

हे ऐकून कैलासचंदांनी आपला उजवा गाल हाताने झाकला. गावातली दातांची डॉक्टर म्हणजे रिंकूची शाळेतली मैत्रीण निता. कैलासचंदांची उजवी दाढ दसऱ्याच्या आधीच कामातून गेली होती. सोयाबीन वाळलं की नाही हे ते दाण्याला दाताखाली कटकन फोडून पाहत, आणि एका दाण्याच्या जागी खडा निघाला होता. तेव्हापासून ते डाव्या बाजूने जेवत आणि प्रेमाबाईंनी विचारलं की वरण गरम लागलं म्हणत. एकदा कोणाला न सांगता ते निताच्या दवाखान्यात जाऊन बसलेही होते. पण आतून मशीनचा आवाज आला आणि ते उठून निघाले ते थेट बाजारात. अनवाणी. चपला तिथेच राहिल्या.

तरी हमालाकडे पाहून त्यांनी गाडी तिकडे वळवली. सिग्नल नसलेल्या चौकात गर्दी होती म्हणून थांबले, तर शेजारी सन्मतीलाल स्कूटरवर. सन्मतीलाल बाजारात त्यांचे प्रतिस्पर्धी आणि देवळात त्यांचे शेजारी. त्यांनी काचेतून क्रेट पाहिला आणि कुठे निघालात विचारलं. जैन माणसाने खोटं तरी किती बोलावं? दात दाखवायला चाललो, असं कैलासचंद म्हणाले. कोणाचे, असं सन्मतीलालांनी विचारलं, तेव्हा त्यांनी मागच्या सीटकडे बोट केलं.

दवाखान्याच्या पायरीपर्यंत ते पोहोचले नाहीत तोच व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर बातमी आली की कैलासशेठ उंदराला कवळी बसवून राह्यले. तिथून ती बायकांच्या ग्रुपवर गेली, आणि तिथून पुण्याला. रिंकूचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता.

“पप्पा, कोकोचे सगळे दात पडले?”

“कोन म्हणते? दात हायेत. फक्त जरा पिवळे...”

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मी आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघते. उद्या दोघांना घेऊन जाते.”

फोन बंद झाला. कैलासचंद क्रेट मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिले. प्रेमाबाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पदराने क्रेटवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

निताने दार उघडलं, क्रेट पाहिला, कणकेने माखलेला हमाल पाहिला आणि हसू आवरत म्हणाली, “काका, तुमच्या चपला इथंच आहेत. मी जपून ठेवल्या.”

चपलांचा विषय कैलासचंदांनी ऐकू न आल्यासारखा केला. त्यांनी सगळी हकिकत सांगितली. निता म्हणाली की माणसांच्या खुर्चीवर ती जनावर घेऊ शकत नाही आणि चिंचिलाच्या दातांतलं तिला काही कळतही नाही. पण तिची एक मैत्रीण नागपूरला अशा छोट्या प्राण्यांची डॉक्टर होती. निताने तिला व्हिडिओ कॉल लावला आणि आपला चांगला दिवा क्रेटवर धरला. या वेळी उजेड बरोबर तोंडावर पडला.

नागपूरच्या बाईंनी दोघांचे दात पाहिले. पुढे मागे फिरवायला लावलं. हनुवटी ओली आहे का विचारलं, डोळ्यांतून पाणी येतं का विचारलं. मग म्हणाल्या, “दातांना काय झालंय?”

“पिवळे पडले न, बाई,” कैलासचंद म्हणाले.

“असेच हवेत. निरोगी चिंचिलाचे दात नारिंगीच असतात. पांढरे असते तर मी काळजी केली असती.”

कैलासचंद फोनकडे पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा रंगावरून त्यांनी माल उलटा जोखला होता आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला की ते दाढ दुखते हे विसरून हसले.

“पन मंग खात काहून नाईत?” प्रेमाबाईंनी विचारलं. “वाटी जशीच्या तशी राह्यते. मी रोज सकाळी भरतो, सांजच्याले उचलतो.”

“संध्याकाळी उचलता? मग रात्री काय खातात?”

“रात्री?” प्रेमाबाईंना प्रश्नच कळला नाही. “आमच्या घरी दिवस बुडाल्यावर कोनी खात नाई. चातुर्मास हाय.”

निताने खिडकीबाहेर पाहिलं.

“काकू,” नागपूरच्या बाई हळूच म्हणाल्या, “हे प्राणी दिवसभर झोपतात आणि रात्रीच खातात.”

प्रेमाबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना खरोखरच रडू आलं. मुक्या जिवाला आपण उपाशी ठेवलं, तेही धर्माच्या नावाखाली, आणि वर चांगलं वळण लावतोय म्हणून मनात समाधान मानलं. पाण्याची बाटलीसुद्धा त्या काढणार होत्या, पण ती पिंजऱ्याला स्क्रूने आवळलेली होती म्हणून राहिली, हेही त्यांनी सांगून टाकलं.

“पण मग गवत? तेही उचलता का?” फोनवरून बाईंनी विचारलं.

“गवत कायले उचलन? ते तं त्यायची गादी हाय.”

आता मात्र नागपूरच्या बाई खळखळून हसल्या. त्यांनी समजावून सांगितलं की ती गादी नाही, तेच त्यांचं खरं जेवण. वाटीतलं खाणं वरचं, चवीपुरतं. शहरातले लोक लाडाने वाटी भरभरून देतात, मग हे गवताला तोंड लावत नाहीत आणि दात झिजत नाहीत. तुमच्याकडच्या दोघांनी रात्रभर निव्वळ गवत चावलंय. मागच्या दाढा फोनवरून दिसत नाहीत, त्या एकदा अकोल्याला दाखवा, वाटीही रात्री थोडी ठेवा. पण पुढचे दात इतके छान झिजलेले मी क्वचितच पाहते.

“म्हंजे माल चांगला हाय?” कैलासचंदांनी विचारलं.

“एक नंबर.”

कैलासचंदांनी हमालाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कणकेचा हात शर्टाला पुसला. मग ते समाधानाने उठले, क्रेट उचलला आणि चपला शोधू लागले. नव्या नाहीत आणि जुन्याही नाहीत.

“दोन्ही जोड मी आत ठेवलेत,” निता म्हणाली. “या दोघांचे दात पाहून झाले. आता तुमचे.”

ते दाराकडे वळले, तर दारात प्रेमाबाई उभ्या होत्या. वरण गरम लागतं म्हणजे काय ते त्यांना इतक्या दिवसांनी नीट कळलं होतं.

रविवारी सकाळी रिंकू आली. पाठीवर बॅग आणि हातात प्रवासाचा नवा पिंजरा. ती तशीच मधल्या खोलीत शिरली. हमाल आणि अडत्या एकमेकांना टेकून गाढ झोपले होते. वाटी पुसल्यासारखी रिकामी होती. तिने दोघांना उचललं, ओठ वर करून दात पाहिले, उलटंसुलटं करून पाहिलं. मग तिने वळून पाहिलं, तर गादीवर तिचे पप्पा एक गाल पुरीसारखा फुगवून, तोंडात कापूस धरून बसले होते.

निताने काल औषध देऊन आज सकाळीच दाढ काढली होती आणि बोलायला मनाई होती. त्यामुळे सगळी कथा प्रेमाबाईंनी सांगितली आणि स्वतःची बाजू जरा नेटकी करून सांगितली. रिंकूने विचारलं की मग काल रात्री वाटी ठेवली ती कशी, तुझा नियम मोडला का? प्रेमाबाईंनी त्याचाही विचार करून ठेवला होता.

“मी दिवस बुडायच्या आत वाढलं. मंग उचललं नाई. कवा खावं, हे त्यायचं कर्म.”

रिंकू हसून हसून खाली बसली. पण हसू ओसरल्यावर तिची नजर पुन्हा त्या नव्या पिंजऱ्याकडे गेली, आणि कैलासचंदांनी ते पाहिलं. जन्मभर घासाघीस करून खाल्लेला माणूस, आणि जिथे खरा सौदा होता तिथे तोंडात कापूस. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गादीवर कालचा तोच टॉवेल पडला होता. त्यांनी तो उचलला, लेकीच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली तिची दोन बोटं घट्ट धरली.

रिंकूला कळायला वेळ लागला नाही. चिक्कीच्या सौद्यानंतर कितीतरी वर्षांनी हा रुमाल पडत होता. पप्पांचा हात गरम होता. तिने मान खाली घातली. मग टॉवेलाखाली तिनेही बोटं धरली. तीन.

कैलासचंदांनी भुवया उडवल्या. दोनाचे तीन कसे?

“दोघं इथंच राहतील,” रिंकू म्हणाली. “पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला तीन तोंडं दिसली पाहिजेत. हमाल, अडत्या आणि तुम्ही. आणि बाजारात दाणा चावायचा नाही.”

ती त्यांना पहिल्यांदाच हमाल आणि अडत्या म्हणाली होती. कैलासचंदांनी टॉवेलाखालची बोटं दाबली. सौदा पक्का. प्रवासाचा पिंजरा माळ्यावर गेला.

पुढच्या रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. प्रेमाबाईंनी आता उजेड धरायचं शिकून घेतलं होतं. हमालाने निमूटपणे ओठ वर करू दिला. अडत्या तर हात जोडूनच बसला होता, त्यानेही दात दाखवले. दोघांचे दात अस्सल नारिंगी.

“आणि तिसरं तोंड?” रिंकूने विचारलं.

कैलासचंदांना एकाएकी आठवलं की बाजारात काहीतरी काम आहे. रविवारी बाजार बंद असतो, पण ते उठून दाराकडे सरकू लागले. दाराजवळ चपला नव्हत्या. मागून प्रेमाबाईंनी टॉवेल झटकला आणि चहाचा चमचा उलटा केला.